उदमांजराला धुरी नको

मा. संपादक,

माळ्यावरच्या उदमांजराला मिरचीची धुरी द्या, हा गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचा सल्ला पटला नाही. धुराने आई पळते. डोळे न उघडलेली पिल्ले आतच गुदमरतात. शिवाय आर्वी-सेलूकडच्या कौलारू घरांत वाळक्या बल्ल्यांखाली धूर करायचा म्हणजे आगीलाच आवतण! बरे, हा निशाचर खातो काय? उंदीर आणि फळे. कौलांवरची बियांनी भरलेली विष्ठा पाहिली तरी कळेल. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला मारणे गुन्हा आहे. पिल्ले हिंडती-फिरती होऊ द्यावीत, छपराला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. रात्री सगळी बाहेर पडल्याची खात्री करूनच सरकलेली कौले बसवून फटींना जाळी ठोकावी. जमत नसेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

– एक वाचक, हिंगणघाट