राणीचा निळा नेमका कोणता?

१ जून १९३० रोजी 'दख्खनची राणी' मुंबई-पुणे मार्गावर धावू लागली, तेव्हा तिचे प्रत्येकी सात डब्यांचे दोन रेक होते. एक रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांखालचे सांगाडे विलायतेहून आले होते आणि वरचं अंग माटुंग्याच्या कारखान्यात चढवलं गेलं. इतकी माहिती रेल्वे स्वतःच देते. गाडीच्या वाढदिवसाला पुणे स्टेशनात केक कापला जातो, तेव्हा ती वर्तमानपत्रांत छापूनही येते. आता कुणाला हीच गाडी १:८७ या प्रमाणात घरच्या टेबलावर बनवायची आहे असं धरू. समोर रंगाच्या डझनभर बाटल्या आहेत आणि सगळ्याच निळ्या. त्यातली कोणती उघडायची?

प्रश्न रिकामटेकडा वाटण्याचा संभव आहे, पण जुने फोटो पाहून तो सुटत नाही. त्या काळी सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. तिच्यावर लाल काळपट उमटायचा आणि निळा फिकट. त्यामुळे कृष्णधवल फोटोतला गडद पट्टा प्रत्यक्षात तांबडाही असू शकतो. दुसरी फसवणूक खुद्द कारखान्यांची. नवं इंजिन बांधून झालं की ब्रिटिश कारखानदार अधिकृत फोटोसाठी त्याला करड्या रंगाचा हात द्यायचे. रिव्हेट, नळ्या, दांडे ठसठशीत दिसावेत एवढाच हेतू. फोटो निघाला की खरा रंग चढायचा. म्हणजे ज्या फोटोत इंजिनाचे बारकावे सर्वांत स्वच्छ दिसतात, तोच फोटो रंगाबाबत सर्वांत खोटा असतो.

लहान प्रमाणातली इंजिनं आणि माणसं रंगवणारे हौशी लोक अशा कोड्यांत वर्षानुवर्षं डोकं घालून बसतात. घरच्यांना तो खेळ वाटतो. या हौशी लोकांचे प्रश्न मात्र रेल्वेनं, संग्रहालयांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी स्वतःला कधीच विचारायला हवे होते. महाराष्ट्रातल्या रेल्वेच्या रंगांची विश्वासार्ह नोंद जनतेसाठी खुली व्हावी, ही मागणी आज याच टेबलांवरून पुढे येते आहे आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी.

आधी या कामाचं गणित. जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण 'एचओ', म्हणजे १:८७. यात साडेतीन मिलिमीटर म्हणजे एक फूट. साडेपाच फुटी माणूस एकोणीस मिलिमीटरचा होतो आणि त्याचं डोकं अडीच मिलिमीटरचं. इंजिनाच्या पत्र्यावरच्या दोन सेंटिमीटर रुंद रिव्हेटला पाव मिलिमीटरही जागा मिळत नाही. अशा पत्र्यावर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या इंजिनावर जवळपास नऊ मिलिमीटरचा लेप चढवल्यासारखं होतं. रिव्हेट बुडतात, दारांच्या फटी बुजतात. म्हणून साबणाच्या पाण्यानं मॉडेल धुवून साच्याचा तेलकटपणा काढायचा, करड्या प्राइमरचा हात द्यायचा आणि मग एअरब्रशनं पातळ रंगाचे धुक्यासारखे थर मारायचे. अंक आणि अक्षरांचे डेकल, म्हणजे चिकटवायचे छापील ठसे, लावण्याआधी चकचकीत वॉर्निश हवंच. खरबरीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी कडा दिसते. सगळ्यात शेवटी मॅट वॉर्निश, कारण रोज धावणारं इंजिन इतकं चमकत नाही.

भारतीय हौशी माणसाची पहिली तडजोड रुळांपाशीच होते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे एचओमध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवर बेतलेले. तयार रूळ वापरले तर आपलं इंजिन पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. काही जण ते चालवून घेतात, काही जण रूळ स्वतः अंथरतात आणि चाकांचे आस बदलतात.

त्यानंतर येतो मळ. नव्याकोऱ्या रंगातलं इंजिन खेळणंच वाटतं. त्याच्यावर काजळी, गंज आणि तेल चढलं की ते कुठल्या तरी ठरावीक मार्गावरचं इंजिन होतं. अमेरिकेत ही दृष्टी रुजवण्यात जॉन अ‍ॅलन यांचा वाटा मोठा. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथले हे व्यावसायिक छायाचित्रकार. प्रकाश आणि सावली ओळखणारा त्यांचा डोळा त्यांच्या 'गोर अँड डॅफेटिड' या काल्पनिक रेल्वेच्या डब्याडब्यावर दिसायचा. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचं निधन झालं आणि थोड्याच दिवसांत आगीत तो सगळा पसारा नष्ट झाला. मागे उरले ते त्यांनी काढलेले फोटो. मॉडेल मुद्दाम मळवायचं, ही गोष्ट आज नवशिक्यालाही वावगी वाटत नाही, यात त्या फोटोंचा हात आहे.

मळ कुठेही फासून मात्र चालत नाही, त्याला भूगोल असतो. भोर घाटाचा चढ १:३७ इतका तीव्र आहे. उतरताना गाडी ब्रेकवर रोखून धरावी लागते. बिडाच्या ब्रेकब्लॉकचा चुरा उडतो आणि चाकं, बोगी, डब्यांचा खालचा भाग तांबूस तपकिरी होतो. त्यावर सह्याद्रीचा पाऊस पडला की पत्र्यांच्या सांध्यांवरून उभे ओघळ उतरतात. वाफेच्या इंजिनावर गळतीचं पाणी सुकलं की पांढरे क्षाराचे डाग राहतात, माथ्यावर काजळी असते आणि फिरत्या दांड्यांवर तेल चमकतं. हे सगळं पातळ रंगाचे वॉश, जवळजवळ कोरड्या ब्रशचे फटके आणि रंगीत भुकटी वापरून आणायचं. ज्यानं घाट पाहिलेला नाही, त्याच्या हातून कुठल्याही सपाट देशातलं मळकं इंजिन तयार होईल, कर्जत-लोणावळ्याचं होणार नाही.

माणसांची गोष्ट याहून अवघड आहे. जर्मनीतली 'प्रायझर' ही कंपनी १९४९ पासून लहान माणसं बनवते. न रंगवलेल्या आकृत्यांचे तिचे संच जगभर वापरले जातात. त्यांत टोपीवाले प्रवासी, फ्रॉक घातलेल्या बायका आणि सुटकेसवाले गृहस्थ भरपूर सापडतात. डोक्यावर डब्यांची पाटी घेतलेला डबेवाला किंवा दंडावर पितळी बिल्ला बांधलेला, लाल सदऱ्यातला हमाल हवा असेल, तर चाकू, पुटी आणि कल्पनाशक्ती आपली आपणच आणायची. स्कर्टवालीला साडी नेसवायची असेल, तर पातळ टिश्यूची पट्टी पाणी घातलेल्या गोंदात भिजवून अंगाभोवती गुंडाळायची. चिमट्यानं निऱ्या पाडायच्या, सुकू द्यायचं आणि मग रंगवायचं. आठ सेंटिमीटरचा काठ इथे जेमतेम एक मिलिमीटरचा होतो. तो एका दमात, हात न थरथरता ओढावा लागतो.

रंगाच्या डबीवरचं लेबलही इथे आडवं येतं. ब्रिटनच्या 'हम्ब्रॉल' कंपनीच्या यादीत ६१ क्रमांकाचा रंग 'फ्लेश', म्हणजे कातडीचा रंग म्हणून विकला जातो. तो गोऱ्या युरोपीय माणसाच्या कातडीचा आहे. कर्जतच्या फलाटावरची गर्दी त्या एकाच डबीतून रंगवली, तर घाट चढायला मागून रेटणारं बँकर इंजिन जोडेपर्यंतच्या थांब्यात सगळे पर्यटकच वडे खायला उतरलेत असं दिसेल. तपकिरी, गेरू आणि थोडा पिवळा यांची चार-पाच वेगवेगळी मिश्रणं करावी लागतात, कारण फलाटावरची माणसं एका रंगाची नसतात. डोळ्यांत पांढरा ठिपका द्यायचा मोह आवरावा लागतो. त्या प्रमाणात डोळा एक तृतीयांश मिलिमीटरचा असतो. तिथे पांढरं दिलं की माणूस दचकल्यासारखा दिसतो, भुवईखालची सावली पुरते. एक सेंटिमीटरचं कुंकू तर एक दशांश मिलिमीटरवर जातं. ते गाळायचं, की थोडं मोठं करून ठेवायचं? दाखवायचं काय आणि सोडायचं काय, हा निर्णय घेणारा माणूस कारागिरीच्या पलीकडे गेलेला असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. इतक्या लहान वस्तूवर मूळ इंजिनाचाच रंग जसाच्या तसा लावला, तर तो गडद दिसतो. खरं इंजिन आपण लांबून, हवेच्या थरातून पाहतो, म्हणून अनुभवी लोक रंगात थोडा पांढरा किंवा करडा मिसळतात आणि शुद्ध काळा वापरतच नाहीत. अखेर डोळ्यानंच ठरवायचं असेल, तर मूळ रंगाच्या क्रमांकाचा हट्ट कशाला? हट्ट अशासाठी, की किती फिकट करायचं हे ठरवायला आधी मूळ छटा हाती असावी लागते. ती नसेल तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या मॉडेलवरून मॉडेल रंगवतो आणि तीन पिढ्यांनंतर ऐकीव रंगच इतिहास होऊन बसतो. थ्रीडी प्रिंटिंगनंही हा पेच सुटत नाही. यंत्र आकार काढून देतं, रंग कोणता ते सांगत नाही.

इतरत्र हे काम पद्धतशीर झालं आहे. जर्मनीत 'राल' ही रंगांना क्रमांक देणारी व्यवस्था १९२७ पासून आहे. तिथल्या रेल्वेचा आजचा लाल म्हणजे राल ३०२०, आणि ते शाळकरी मुलालाही शोधता येतं. ब्रिटनमध्ये १९५० साली हौशी मंडळींनी 'हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी' काढली आणि जुन्या रेल्वे कंपन्यांच्या रंगसंगतीच्या नोंदवह्या छापल्या. मॉडेल बनवणाऱ्यांच्या गरजेतून झालेलं हे काम पुढे इतिहासकारांच्याही उपयोगी पडलं. ऑक्सफर्डशायरमधलं पेंडन संग्रहालय त्याच्याही पुढे गेलं. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड यांनी व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली गवताच्या छपरांची घरं नाहीशी होताना पाहिली. ती मोजून, फोटो काढून त्यांनी १:७६ प्रमाणात घडवायला घेतली. १९५४ मध्ये लाँग विटनहॅम गावात संग्रहालय उभं राहिलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं ते खोरं आज तिथे टेबलांवर टिकून आहे, आगगाड्यांसकट.

महाराष्ट्राला हे सगळं परकं नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघु रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे मुलांइतकेच त्यांचे आजोबाही रमतात. विषयांचा तर तोटाच नाही. भोर घाटात मालगाड्या ओढणारी, मुंबईकर 'खेकडा' म्हणायचे ती विजेवरची इंजिनं घ्या. १९२८ पासून ती येऊ लागली. पहिली काही स्वित्झर्लंडच्या विंटरथूर इथल्या एसएलएम कारखान्यातली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची. त्याच एसएलएमच्या, स्वित्झर्लंडमधल्या गॉटहार्ड मार्गावरच्या 'मगर' नावाच्या इंजिनाचं मॉडेल मार्क्लिन कंपनी १९३०च्या दशकापासून विकते आहे. ती मगर तपकिरी कधी होती आणि हिरवी कधी झाली, हे स्विस हौशी माणूस घडाघडा सांगतो. खेकड्यांपैकी 'सर लेस्ली विल्सन' दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे. जीआयपी या जुन्या रेल्वे कंपनीच्या काळात त्याच्यावर कोणती छटा होती, मध्य रेल्वेत आल्यावर ती किती वेळा बदलली, हे तितक्याच खात्रीनं सांगणारी नोंदवही सामान्य वाचकाला कुठे मिळेल?

कच्चा माल तर घरातच आहे. रंगांसाठी आयएस ५ हे भारतीय मानक आहे आणि त्यात प्रत्येक छटेला क्रमांक आहे. इंजिन-डब्यांची मानकं ठरवणारी आरडीएसओ ही संस्था लखनौमध्ये १९५७ पासून काम करते. डब्यांचा रंग ही केवळ हौस नव्हती. १९९०च्या दशकात तांबूस तपकिरी डबे निळे होऊ लागले, तेव्हा निळा रंग म्हणजे एअरब्रेकचा डबा, अशी ती कामाची खूण होती. २०२२ मध्ये राणीला नव्या धर्तीचे एलएचबी डबे मिळाले आणि तिनंही रंग बदलला. प्रत्येक बदलामागे कुठल्या तरी टेबलावर एक कागद असणार. ते कागद वर्षवार लावून छापायचे, एवढंच काम आहे. त्यासाठी नवा विभाग नको, नवी इमारतही नको.

स्टेशनांबाहेर आणि कार्यालयांच्या आवारात चौथऱ्यावर उभ्या केलेल्या जुन्या इंजिनांचं तर तातडीनं काही करायला हवं. पाहुणे येणार म्हटलं की त्यांना हाताशी असेल त्या भडक रंगात न्हाऊ घातलं जातं, चाकांना पांढऱ्या कडा आणि धुराड्याला लाल पट्टा मिळतो. पुढच्या रंगकामाआधी एखाद्या आडोशाच्या जागी, ठेकेदाराच्या घासणीच्या आधी, रुपयाएवढा तुकडा थराथरानं घासून पाहावा, प्रत्येक थराचा फोटो आयएस ५ च्या रंगपट्टीशेजारी ठेवून काढावा आणि तो संग्रहालयाच्या दप्तरी लावावा. ठेक्याच्या अटींत चार ओळी वाढवल्या की हे होऊ शकतं.

आणखी एक स्रोत कागदांपेक्षा लवकर संपणारा आहे. माटुंगा आणि परळच्या कारखान्यांत रंगकाम केलेले कारागीर आता निवृत्त झाले आहेत. कोणत्या रंगात काय मिसळायचे, पट्ट्यांसाठी दोरी कशी मारायचे, साचा कसा कापायचे, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. मध्य रेल्वेनं निवृत्तिवेतनधारकांच्या मेळाव्यात एक टेबल त्यांच्यासाठी मांडावं, जुने फोटो आणि रंगपट्ट्या ठेवाव्यात, ध्वनिमुद्रक सुरू करावा आणि प्रश्न विचारायला मॉडेल रंगवणाऱ्या दोन-चार हौशी माणसांना बोलवावं. काय विचारायचं याची यादी त्यांच्याकडे तयार असते.