संगणकाची विजेची पेटी: फेकू नका, पण उघडूही नका

आपल्या मॉरिशसमध्ये पलंगाखाली किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात मेलेला संगणक पडलेला नाही असे घर आता विरळाच. संगणक मेला म्हणजे त्याचे सारे अवयव मेले असे मात्र नाही. आतली विजेची पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, पुष्कळदा ठणठणीत असते. एलईडीचे दिवे, छोट्या मोटारी, रेडिओची दुरुस्ती, मुलांचे विज्ञानाचे प्रयोग, या सगळ्यांना लागणारी वीज ती देऊ शकते. दुकानात अशा सप्लायला बरेच पैसे मोजावे लागतात.

इंटेलने १९९५ साली एटीएक्स हा नमुना ठरवला. तेव्हापासून तारांचे रंग बहुतेक पेट्यांत सारखे आहेत. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, केशरी ३.३ आणि काळी परतीची. हिरवी तार काळीला जोडली की पेटी सुरू होते, तेव्हा त्या जोडावर साधा स्विच बसवावा. केशरीच्या खोबणीत कधी एक बारीक तपकिरी तार दिसते. ती केशरीलाच जोडलेली राहू द्यावी, नाहीतर पेटी सुरू होऊन लगेच बंद पडू शकते. काही जुन्या पेट्या भार नसला तर नीट चालत नाहीत. त्यांच्या लाल आणि काळ्या तारेत १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर घालावा. तो गरम होतो, म्हणून हाताशी ठेवू नये.

आता मतभेदाचा मुद्दा. पुष्कळजण सांगतात की झाकण काढा, पत्र्याला भोके पाडा आणि टर्मिनल तिथेच बसवा. काम सुबक दिसते खरे, पण मला ते मुळीच मान्य नाही. आपली २३० व्होल्टची वीज आत सुमारे ३२५ व्होल्ट होऊन कपॅसिटरमध्ये साठते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच राहते. शिवाय ड्रिलचा एखादा कीस आत अडकला तर काय होईल ते सांगायला नको. झाकण बंदच राहू द्या. तारा बाहेर आहेतच, त्या लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या वेगळ्या डब्यात घ्या आणि टर्मिनल त्या डब्यावर बसवा. दिसायला बोजड होईल, होऊ द्या.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. घराघरांत तीन पिनांची इंग्रजी सॉकेटे आणि दोन गोल पिनांची अशी दोन्ही असतात, आणि मधला अडॅप्टर खुशाल अर्थिंग तोडतो. मग पेटीचा पत्रा हाताला झिणझिण्या आणतो. काळी तार पत्र्याशीच जोडलेली असल्यामुळे तुमचा प्रयोगही त्यात सापडतो. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटाशिवाय ही पेटी लावूच नये.

प्रत्येक तारेवर २ किंवा ३ ॲम्पिअरचा फ्यूजही हवाच. पिवळी तार १० ॲम्पिअर सहज देते. पेटीला त्यात काही वावगे वाटत नाही, पण मुलाची बारीक वायर तेवढ्यात जळून जाते. विकतच्या सप्लायमध्ये प्रवाहाला आळा घालण्याची सोय असते, इथे ती आपणच करायची.

आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांनी अशा चार-सहा पेट्या, जाणत्या इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली, वरच्या वर्गातल्या मुलामुलींकडून करून घ्याव्यात. काही कंपन्यांनी तारांच्या रंगांची आपलीच रीत ठेवली होती, म्हणून पहिल्यांदा सुरू करताना प्रत्येक तार मीटरने मोजावी आणि मगच डब्यावर आकडे रंगवावेत.