नऊ सकाळींचा हिशोब

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितेय. कारण आनंदाचं आहे. आठ महिने घरी बसल्यावर अखेर नोकरी लागली. ठाण्यात, वागळे इस्टेटला. सहा महिने प्रोबेशन.

आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या डॉक्टरांनी विचारलं, "आमवातावरच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू होतेय. बसता का त्यात?" मुंबईतलं रुग्णालय, सहा महिने, नऊ भेटी. मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी चालूच राहणार. जोडीला नवं औषध, किंवा अगदी तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय ते मलाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही. महिनाअखेर नावनोंदणी बंद.

ज्यांना आमवात माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास माझी बोटं मिटत नाहीत. डोंबिवलीला गर्दीच्या वेळी लेडीज डब्यात चढताना दरवाज्यातला दांडा नीट धरता येणं म्हणजे काय, हे रोज चढणारीलाच कळेल. म्हणजे नोकरी टिकवायची तर हात हवेत, आणि हात हवेत तर नोकरीतून वेळ हवा!

मी ऑफिसात विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, प्रोबेशनमध्ये रजा नसते. आधी सेटल व्हा, मग बघू." आजार मात्र माझं प्रोबेशन संपायची वाट बघत नाही हो.

आता जरा हिशोब करू. रुग्णालय आणि ऑफिस एकाच रेल्वेमार्गावर, एकाच दिशेला. सकाळी थेट पुढे जायचं, रक्त द्यायचं, तपासून घ्यायचं आणि उलट येऊन एकपर्यंत ठाण्यात हजर. नऊ अर्धे दिवस, म्हणजे साडेचार दिवस. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस भरपगारी किरकोळ रजा आहे आणि ती तिमाहीनुसार जमा होते. म्हणजे सहा महिन्यांत चार दिवस. कायदा 'प्रत्येक कामगार' म्हणतो, त्यात प्रोबेशनवाल्यांना वगळलेलं मला तरी दिसलं नाही. भांडण किती दिवसांचं उरलं? अर्ध्या दिवसाचं!

मतदानाला भरपगारी सुट्टी कायद्याने मिळते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंत खास रजा दिली. उत्तम केलं. पण स्वतःचं शरीर नव्या औषधाच्या परीक्षेला देणाऱ्या माणसाला खाजगी नोकरीत एक सकाळसुद्धा हक्काची नाही. २०२० मध्ये केईएम आणि नायरमध्ये कोव्हिशील्डची चाचणी झाली, तेव्हा स्वयंसेवकांचं आपण केवढं कौतुक केलं. ते कौतुक हजेरीपटावर कुठे मांडायचं असतं?

चाचण्यांचे २०१९ चे नियम मी वाचले. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. कधीही बाहेर पडायची मुभा. माझी माहिती गुप्त. सगळं चांगलं आहे, पण ते रुग्णालयाच्या फाटकापर्यंत. फाटकाबाहेर रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना असतो. तिथे गुप्तता संपते. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सहभागी माणसाला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते असं म्हणतात. मजुरी भरून निघेल, प्रोबेशनमधला शेरा कोण भरून देणार?

मामाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "गिनिपिग व्हायची हौस आली का?" मामा, तुझी भीती हवेतली नाही. आंध्र आणि गुजरातमधला मुलींच्या एचपीव्ही लसीचा प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. पुढे प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये नियम कडक झाले. पण चाचण्याच नकोत म्हटलं तर औषधं येणार कुठून? टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती साधं, स्वस्त भुलीचं औषध टोचून पाहिलं. ११ केंद्रं, सुमारे १६०० बायका. २०२३ मध्ये छापून आलं की पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९० वर गेलं. त्या १६०० जणी भेटींना गेल्या म्हणून हे कळलं ना?

दुसरी बाजूही मान्य करते. आमची कंपनी लहान आहे. मी नसले की माझं काम शेजारचीच्या टेबलावर जातं. म्हणून मी फुकट काही मागत नाही. संध्याकाळी आठपर्यंत थांबून भरून काढते. आणि रुग्णालयांनाही सांगणं आहे, सगळ्या भेटी कामाच्या दिवशी सकाळीच का? शनिवारी दुपारी का नाही? नुसतं रक्त घ्यायचं तर ते डोंबिवलीत घेता येणार नाही का?

हे झालं नाही तर काय होईल ते स्पष्ट आहे. चाचणीत येतील ते निवृत्त, घरी असणारे, किंवा पक्क्या नोकरीवाले. लोकलला लटकणारे, प्रोबेशनवरचे, रोजंदारीवरचे गळून जातील. आणि उद्या तेच औषध त्यांनाच लिहून दिलं जाईल.

असो. काल रात्री ऑफिसला पत्र लिहिलं. नऊ तारखा, नऊ सकाळी, भरपाईचे तास, आणि कारण एवढंच: वैद्यकीय तपासणी. आजाराचं नाव लिहिलं नाही, लिहिणारही नाही. गुरुवारी संमतीपत्रावर सही करणार आहे, उत्तर काहीही येवो. नोकरी गेली तर दुसरी शोधायलाही हीच बोटं लागणार आहेत.

तेव्हा वन्सं, "आत्ताच नोकरी लागलीय, जरा सांभाळून" असं सांगायला फोन करू नका. सांभाळूनच करतेय.