इसाकचा सौदा : ताणून काय मिळाले?

अलेक्झांडर इसाकवरून न्यूकॅसलच्या चाहत्यांत दोन तट पडले. लिव्हरपूलची ११ कोटी पौंडांची बोली क्लबने फेटाळली. करार २०२८पर्यंतचा, मग घाई कशाला? खेळाडू मात्र अडून बसला. अखेर १ सप्टेंबर २०२५ला १२.५ कोटींना, ब्रिटनमधल्या विक्रमी किमतीला, सौदा झाला.

ताणल्यामुळेच दीड कोटी वाढले, हे एका तटाचे म्हणणे. दुसरा तट मैदानाकडे बोट दाखवतो : लीगच्या पहिल्या तीन सामन्यांत विजय नाही, ९ पैकी २ गुण, नवा स्ट्रायकर वोल्टेमाडे ऑगस्टअखेर आला.

आम्ही बँकवाले वसुलीत गेलेला वेळही खर्चातच धरतो. आमच्या मते भाव योग्य मिळाला, पण सौदा हंगामाआधीच उरकायला हवा होता.