कोथिंबीर आणि मोटार

मराठी मध्यमवर्गीय माणसाला भाव करता येत नाही, हा आरोप साफ खोटा आहे. येतो, चांगला येतो. फक्त तो भलत्या ठिकाणी करतो. वीस रुपयांची कोथिंबिरीची जुडी पंधराला मागताना त्याच्या आवाजाला जी धार येते, ती त्याच्या ऑफिसातल्या साहेबानं कधी ऐकलेली नसते. जुडी उलटीसुलटी करून, मुळांना माती किती आहे ते दाखवून, 'राहू दे मग' म्हणत चार पावलं पुढे जाऊन, पुन्हा मागे येऊन तो पाच रुपये वाचवतो. समोरच्या मावशींची सगळी पाटी विकली गेली तरी त्यांच्या पदरात आमच्या एका रिक्षाभाड्याइतके पैसे पडतील की नाही, शंकाच आहे. आणि हाच रणधुरंधर आठ लाखांची मोटार घ्यायला शोरूममध्ये शिरला, की काचेचं दार मागे लागता लागता त्याची वाचा जाते. आत थंडगार हवा असते. समोर कॉफी येते, कॉफीबरोबर बिस्किट येतं. ज्याचं बिस्किट खाल्लं त्याच्याशी भाव काय करायचा, अशा थोर विचारानं तो दाखवतील तिथं सही करतो.

माझं म्हणणं एवढंच, की हे उलटं व्हायला हवं. कोथिंबीर सांगतील त्या भावानं घ्यावी आणि मोटार घासून घ्यावी.

हे म्हटलं की पहिला विरोध घरातूनच होतो. 'अहो, शोरूम म्हणजे काय तुळशीबाग आहे?' असं सौ. विचारते. (तुळशीबागेत तिनं केलेले सौदे ज्यानं पाहिलेत, त्याला हा प्रश्न हसल्याशिवाय ऐकता येत नाही.) आमचे मेहुणे तर अशा वेळी समजूतदार चेहरा करतात. 'भावोजी, भाव कंपनी ठरवते. तो टायवाला पोरगा त्यात काय करणार? उगाच आपली शोभा होते.'

आता ही शोभेची भीती आली कुठून? माझ्या मते ती रांगेतून आली. आमच्या वडिलांच्या पिढीनं वाहन विकत घेतलं नाही; ते त्यांना 'मिळालं'. स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि दहा-दहा वर्षं वाट पाहायची. नंबर लावताना पोटात असलेलं पोर स्कूटर आली तेव्हा पुढे उभं राहून हॉर्न वाजवत असे. मोटारीत निवड म्हणजे अ‍ॅम्बॅसडर की पद्मिनी. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली, पन्नास हजारांच्या आसपास, तर तिच्यासाठीही आधी पैसे भरून लोक पुन्हा रांगेतच. नंबर लागलेला हुशार माणूस गाडी दारात न आणताच वर 'ऑन' घेऊन विकून टाकी. अशा काळात विक्रेत्याशी भाव कोण करणार? गाडी दिली हेच उपकार. ती रांग मोडून तीसेक वर्षं झाली. शोरूमवाले आता फोन करकरून जीव खातात, वाढदिवसाला शुभेच्छा पाठवतात, तरी आमची मान अजून उपकृताचीच. एखाद्या गाजलेल्या मॉडेलसाठी आजही महिनोन्महिने थांबवतात, तिथं भाव होत नाही हे मला कबूल आहे. पण तेच मॉडेल घ्यायची सक्ती कुणी केलीय?

चाकणला पूर्वापार जनावरांचा बाजार भरत आलाय. बैल घ्यायला आलेला शेतकरी जबडा उघडून दात बघतो, चालवून बघतो, खुरं बघतो, शेपटीपर्यंत हात फिरवतो. मग उपरण्याखाली हातात हात घालून बोटांच्या खुणांनी भाव चालतो, आणि कुणाच्याही शोभेला धक्का लागत नाही. त्याच चाकणच्या परिसरात आता मोटारींचे कारखाने उभे आहेत. आणि मोटार घ्यायला गेलेला आमचा पदवीधर विचारतो काय, तर 'यात निळा रंग येतो का हो?' अरे, मोटारीलाही दात असतात! ती कुठल्या साली आणि कुठल्या महिन्यात बनली, ते आरसीवर छापून येतं. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली, की पुढे विकताना ती वर्षानं म्हातारी धरतात. म्हणून जानेवारीत आदल्या साली बनलेली गाडी शोरूमवाल्याला नकोशी झालेली असते. विचारलं तर तो सांगतो, आणि विचारणाऱ्याला काही हजार सोडतोही. न विचारणाऱ्याला निळा रंग मिळतो.

आम्ही गाडी घेतली तेव्हाचं कोटेशन मी जपून ठेवलंय, वाङ्मय म्हणून. सुरुवातीला एक्स-शोरूम किंमत, आठ लाख. इथं त्या पोराच्या हातात फारसं काही नसतं, हे मेहुण्यांचं म्हणणं मान्य. खाली राज्य सरकारचा एकरकमी वाहन कर. महाराष्ट्रात पेट्रोलच्या, दहा लाखांच्या आतल्या गाडीला तो ११ टक्के, म्हणजे ८८ हजार. सरकारशी भाव होत नाही. पण त्याच्या खाली जी ओळींची माळ सुरू होते, तिच्यात खरा मसाला. विमा ४२ हजार. हँडलिंग साडेआठ हजार. 'एसेन्शियल किट' २४ हजार. म्हणजे पायपुसणी, सीटकव्हरं, मडगार्डं आणि एक छोटा सुगंधी डबा. वाढीव वॉरंटी १४ हजार. रंगावर चकाकीचा लेप ९ हजार. बेरीज साडेसत्त्याण्णव हजार! सरकारपेक्षा जास्त. सरकार निदान रस्ता तरी देतं, खड्ड्यांसकट. आणि हे सगळं लावून झाल्यावर तळाशी, मोठ्या मनानं, ठळक अक्षरांत, दहा हजारांची 'खास सूट'. लोक भांडतात ते या दहाचे बारा करायला, आणि जिंकून घरी येतात.

मी बोट ठेवलं हँडलिंगवर. 'हे काय?'

'सर, गाडी कारखान्यातून इथपर्यंत आणायचा खर्च.'

'एक्स-शोरूम म्हणजे शोरूममधून निघतानाची किंमत ना?'

'हो सर.'

'मग ती शोरूममध्ये आल्याशिवायच निघाली?'

पोरगा चांगला होता. हसला, आणि 'मॅनेजर सरांना विचारून येतो' म्हणून उठला. हा केबिनचा प्रवास प्रत्येकानं एकदा नीट पाहावा. केबिन काचेची असते. आत मॅनेजर चहा पीत असतो. पोरगा जातो, दोघं काहीतरी बोलतात, एकदा हसतातही. मग बाहेर येताना पोराचा चेहरा ऑपरेशन थिएटरबाहेर आलेल्या सर्जनसारखा. 'सर, खूप प्रयत्न केला...' इथं माणूस विरघळतो. बिचाऱ्यानं आपल्यासाठी केवढी खटपट केली! विरघळू नये. दुसरी कॉफी मागावी. आमच्या हँडलिंगला तीन फेऱ्या लागल्या, आणि मग ते गेलं. चकाकीच्या लेपाला एकच लागली. पायपुसणी आम्ही फुकट घेतली, बाकीचं किट तिथंच ठेवलं.

विम्याची गंमत वेगळी. नव्या मोटारीला तिसऱ्या पक्षाचा विमा सलग तीन वर्षांचा काढावाच लागतो, २०१८ पासून. पण कुठून काढायचा हे गिऱ्हाइकानं ठरवायचं असतं, शोरूमनं नव्हे. मी बाहेर चौकशी केली. तीच कलमं, तीच रक्कम, ३१ हजार. तो कागद टेबलावर ठेवला, केबिनची आणखी एक फेरी झाली, आणि शोरूमचा ४२ चा विमा ३२ वर आला. दहा हजार रुपये, पाऊण तासात! कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपये धरले तर दोन हजार जुड्या झाल्या. रोज एक घेतली तरी मावशींशी साडेपाच वर्षं भांडावं लागलं असतं.

तरी हे सगळं किरकोळ म्हणावं असा खरा डाव कर्जाचा. 'सर, किमतीचं सोडा. महिन्याला किती जमेल?' हा प्रश्न इतक्या प्रेमानं विचारतात की मुलीकडची माणसं आठवावीत. सात लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं घेतलं तर हप्ता साडेचौदा हजार. 'जड वाटतंय? सात वर्षं करू.' हप्ता येतो सव्वाअकरा हजारांवर. महिन्याला तीन हजारांहून जास्त सोय! फक्त शेवटी व्याज पाऊण लाखाच्या आसपास जादा जातं, पण ते सांगायला कोण बसलंय? ज्या निवृत्तांनी फंडातले पैसे मोडून मुलाच्या गाडीला हातभार लावला, त्यांच्या तोंडून मी 'हप्ता हलका बसला हो' हे कौतुक ऐकलंय, तेव्हा मला मावशींच्या पाच रुपयांची फार आठवण झाली.

राहिला मुहूर्त. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा, असे आपले साडेतीन मुहूर्त. त्या दिवशी शोरूमवाल्याला आपली गरज नसते. झेंडूच्या माळा बांधायला त्याला माणसं पुरत नाहीत, आणि गाडी आजच हवी म्हणून आपण अडलेले. याउलट पितृपंधरवड्यात जा. शुकशुकाट. सेल्समन एकमेकांनाच टेस्ट ड्राइव्ह देत असतात. महिनाअखेरीचं टार्गेट मात्र पितरांना ओळखत नाही. 'अहो, पक्षात का कुणी नवी वस्तू घेतं?' सौ. म्हणाली. म्हटलं, 'घ्यायची नाहीच, ठरवायची. आणायची दसऱ्याला.' पितरांचं म्हणाल तर ते खूशच होतील. आमच्या आजोबांनी उभ्या जन्मात एक वस्तू सांगितल्या भावानं घेतली नाही. (२०२५ साली तर सरकारनंच पंचांग पाहिलं होतं. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो बरोबर २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. त्या पंधरवड्यात गाडी नुसती ठरवून ठेवणारे शहाणे, घाईनं दारात आणणारे दुर्दैवी.)

मेहुण्यांचं शेवटचं अस्त्र असं, की जास्त घासलं तर सर्व्हिसिंगला सूड घेतात. गाडी विकणारा पोरगा आणि गाडीखाली झोपणारा मेकॅनिक यांची धड ओळखही नसते. आणि कंपनीचं अधिकृत वर्कशॉप गावात एकच असतं असंही नाही. पण मेहुण्यांना धोका पत्करायचा नव्हता. त्यांनी गाडी पाडव्याला घेतली, सांगितल्या किमतीत. गाडीवरचा रेशमी पडदा ओढला, घंटा वाजली, सगळ्या स्टाफनं टाळ्या वाजवल्या, थर्माकोलची हातभर किल्ली धरून जोडीनं फोटो झाला. डॅशबोर्डावर गणपती आणि एक मोठी छत्री फुकट मिळाली.

'हँडलिंग किती दिलंत?' मी विचारलं.

'ते सगळ्यांनाच द्यावं लागतं, भावोजी.'

छत्री मात्र चांगली आहे. मी उघडून पाहिली. तिच्यावर शोरूमचं नाव, पत्ता आणि दोन्ही फोन नंबर ठसठशीत छापलेत, म्हणजे पावसाळ्यात जाहिरातीचं कामही मेहुण्यांकडेच आलं.