अठरा वर्षांनंतर पालक कोण?

आपल्या पेढ्यांवर कराची विवरणपत्रे वेळेवर भरली जातात. घरातील दिव्यांग मुलाची कागदपत्रे मात्र, भावंडांच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून, कपाटातच राहतात. हा संकोच पुढे महागात पडतो.

वयाची १८ वर्षे पूर्ण होताच मूल कायद्याने सज्ञान ठरते. मग ते बौद्धिक अक्षम असले, तरी त्याच्या खात्यावर वडिलांची सही चालत नाही. अशा वेळी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी ही तरतूद आहे. आपल्या पश्चात कोण, या प्रश्नाचे उत्तर आपल्या हयातीतच लिहून ठेवता येते.

त्यासाठी प्रथम यूडीआयडी ओळखपत्र हवे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून रुग्णालय निवडावे व तपासणीस जावे. अमरावतीकरांसाठी इर्विन, अकोलेकरांसाठी सर्वोपचार. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांची दिव्यांगता मान्य आहे. बहुतेक लाभांना किमान ४० टक्के लागते.

जुन्या करप्रणालीत अवलंबित दिव्यांगासाठी ७५,००० रुपयांची, ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते; नव्या प्रणालीत नाही. दोन्ही हिशेब मांडूनच निवड करावी.

आपल्या दुकानातील हमालाच्या घरीही असे मूल असू शकते. तहसील कार्यालयातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा त्याचा अर्ज आपणच भरून द्यावा. चोपडी लिहिणाऱ्या हाताला ते जड नाही.