टाकता आलं पाहिजे

लक्ष्मीपूजन आटोपलं, फराळाच्या बश्या उचलल्या, की आमच्याकडे सतरंजी पडते आणि पत्ते निघतात. इतकी वर्षं तीन पत्ती चालायची. गेल्या दिवाळीत पुतण्यानं पोकर शिकवलं. पैसे लावायचे नाहीत हा सासूबाईंचा दंडक, म्हणून प्रत्येकाला शंभर चिंचोके.

खेळ कळायला सोपा. प्रत्येकाला दोन झाकली पानं मिळतात. ती बघून चिंचोके लावायचे, नाही तर पानं टाकायची. मग मधोमध सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. दर वेळी पुन्हा लावालावी. हातातली दोन आणि मधली पाच मिळून ज्याची पाच पानं सरस, त्याचा डाव.

आम्ही सहा भिडू. भाऊजींना दोन्ही पानं बदामाची दिसली की झालं! जाऊबाईंना नुसतं चित्र पुरे. पान कुणी टाकेचना. "खेळायला बसलोय ना, मग टाकायचं काय?" मीही तेच केलं आणि तासाभरात साठ चिंचोके घालवून बसले.

मग पुतण्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "काकू, बावन्न पत्त्यांतून दोन पानं १३२६ तऱ्हांनी येतात. हातात जोडी येते ती सरासरी १७ वेळांतून एकदा. दोन एक्के तर २२१ वेळांतून एकदा. आणि दोन बदाम आले म्हणून पाच बदाम जमतात का? शेवटपर्यंत थांबलीस तरी शंभरातून सहा-सात वेळा!" समोरचे सगळे डाव खेळत असतील तर काय करायचं, तेही त्यानं सांगितलं. थापा मारायच्या नाहीत, कारण घाबरून पानं टाकणारं कुणी नाहीच. मोठी जोडी किंवा एक्का-राजा येईपर्यंत गप्प बसायचं. बारकी जोडी स्वस्तात बघायला मिळाली तरच बघायची. आणि पान खरंच चांगलं आलं, की सुरुवातीलाच भरपूर लावायचं.

हे तर मला येतंच होतं की! भेंडी घेताना आपण शेंडा मोडून बघतो आणि निबर असली की बाजूला टाकतो. तिथे कुठे आपल्याला लाज वाटते?

मी टाकत सुटले. "घाबरली, घाबरली," असा गलका झाला. एकदा दोन राजे आले, भरपूर लावले, आणि जाऊबाईंच्या सत्ती-दुर्रीला मधे दोन्ही जोड मिळाले! घर डोक्यावर घेतलं त्यांनी. पण माझं चुकलं नव्हतं. दोन एक्के असले आणि समोरचे पाचही जण शेवटपर्यंत राहिले, तरी एक्केवाला निम्म्याहून थोडे कमीच डाव जिंकतो. चांगलं पानही हरतं. मात्र सहातून एक हा सरासरी वाटा धरला, तर ते जवळजवळ तिप्पट झालं. त्यानंतर जाऊबाई दर सत्ती-दुर्री खेळल्या. रात्री अकराला त्यांची वाटी रिकामी होती, माझी भरलेली.

हसून सोडून दिलं असतं. पण भाऊजींचं एक वाक्य मनात राहिलं, "एवढे घातलेत, आता उठून कसं चालेल?" हेच शब्द मी आमच्या बचत गटातल्या एकीकडून ऐकले होते. दोन वर्षांपूर्वी ती मुलाच्या फीसाठी कर्ज मागायला आली. विचारता विचारता रडली. नवरा मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळत होता, गेलेले भरून काढायला आणखी लावत होता. आम्ही तिच्या हातात पैसे द्यायला नाही म्हटलं आणि फी शाळेत भरली. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. नाही म्हणताना माझाही जीव तुटला होता. पण ते पान टाकणंच बरोबर होतं, असं मी आजही म्हणेन.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते बरंच झालं. "मी निवडून खेळतो, मला धोका नाही," म्हणणाऱ्यांनाही एक सांगते. खेळ चालवणारा आपला हिस्सा आधी कापून घेतो. त्यामुळे बसलेल्या सगळ्यांनी मिळून आणलेल्यापेक्षा कमीच घरी जातं. तिथलं टाकायचं पहिलं पान म्हणजे ती बैठकच.

पण घरच्या सतरंजीवर? सासूबाई म्हणतात, पोरांना जुगार शिकवू नका. मला उलट वाटतं. चिंचोके जाताना जे शिकता येतं, ते पगार जाताना शिकायची वेळ येऊ नये. पान टाकणाऱ्याला घाबरट म्हणायचं मात्र आपण आधी सोडायला हवं. मैत्रिणींनो, या दिवाळीत मुलांना पत्ते जरूर द्या. जिंकायला ती आपोआप शिकतील. टाकायला आपणच शिकवायचं.